बायका-मुलींच्या जुन्या गाजलेल्या कथांमधली प्रतीकं कशी वाचायची? पेन्सिल घेऊन बसा, एकेक पायरी सांगते

परीक्षेच्या गाईडात एक ठरलेली यादी असते बघा. खिडकी म्हणजे स्वातंत्र्य, पक्षी म्हणजे आत्मा, पिंजरा म्हणजे संसार, पिवळा रंग म्हणजे आजारपण. पोरं ती पाठ करतात, पेपरात उतरवतात, मार्क्सही पडतात, पण कथा मात्र तिथल्या तिथेच राहते. बायकांच्या आणि मुलींच्या ज्या जुन्या कथा आहेत त्यांचं तर या यादीनं फार नुकसान होतं, कारण त्या कथांमधल्या वस्तू आधी घरातल्या रोजच्या वस्तू असतात, कुणीतरी त्या पुसलेल्या असतात, शिवलेल्या असतात, बरणीत भरलेल्या असतात, कधी लपवलेल्या असतात, आणि प्रतीक म्हणून जे काही उभं राहतं ते त्या हाताळण्यातूनच उभं राहतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की आधी वस्तू नीट बघा, तिच्यावर कुणाचं काय काम झालंय ते बघा, अर्थ मागून येतो आणि असा आलेला अर्थ पेपरातही टिकतो आणि डोक्यातही.

हे सगळं मी इथं कोल्हापुरात बीए-एमए करणारी पोरं-पोरी, शाळेत शिकवणाऱ्या मॅडम आणि दुपारची कामं आवरून जमणारा आमचा बायकांचा वाचनगट, असे सगळे डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय. त्यामुळे थिअरीचे मोठमोठे शब्द टाळलेत.

बसायच्या आधी

कथेची झेरॉक्स काढा. पुस्तकावर पेन्सिल चालवू नका, आणि पुस्तक वाचनालयाचं असेल तर अजिबात नको. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासूनचं आहे, तिथली पुस्तकं आपल्या नंतरच्यांनाही लागणार आहेत. दोन रंगांच्या पेन्सिली आणि एक वही, बास. इंग्रजी कथांपैकी बऱ्याच आता कॉपीराइटबाहेर आहेत, 'द यलो वॉलपेपर' तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळते, मोबाईलवर वाचण्यापेक्षा प्रिंट काढा कारण मागं-पुढं पानं उलटावी लागतात.

कथा कुठल्या घ्यायच्या? शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' (१८९२), केट शोपॅनची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' (१८९४), सुझन ग्लास्पेलची 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स' (१९१७), कॅथरिन मॅन्सफिल्डची 'द डॉल्स हाउस' (१९२२), आणि आपल्याकडच्या रवींद्रनाथांची 'स्त्रीर पत्र' (१९१४) नि इस्मत चुगताईंची 'चौथी का जोडा'. या सहा कथा नीट झाल्या की बाकीच्या तुमच्या तुम्हाला जमतील.

एक फरक आधीच डोक्यात पक्का करा

संकेत वेगळा, रूपक वेगळं, प्रतीक वेगळं. कुंकू, हिरव्या बांगड्या, ओटी हे आपले रूढ संकेत, त्यांचा अर्थ समाजानं ठरवून ठेवलाय. कोल्हापुरी साजात चंद्र, मासा, कासव अशी पानं असतात आणि गुजरीतला सराफ तुम्हाला एकेका पानाचा अर्थ उभ्या उभ्या सांगेल, तसंच हे. रूपककथेत लेखक ठरवतो की ही वस्तू म्हणजे ही गोष्ट, आणि शेवटपर्यंत ते नातं बदलत नाही, वि. स. खांडेकरांनी ही रूपककथा मराठीत रुजवली, ते कोल्हापुरातच राहिले, शिवाजी विद्यापीठातलं त्यांचं स्मृती संग्रहालय बघितलं नसेल तर बघून या. प्रतीकाचं मात्र तसं नसतं. कथा सुरू होते तेव्हा ती वस्तू साधी वस्तू असते आणि कथा पुढं सरकते तसा तिच्यात अर्थ साठत जातो, कधी कधी तर सुरुवातीला एक नि शेवटी भलतंच. त्यामुळे कथेत कुंकू किंवा मंगळसूत्र दिसलं की लगेच 'प्रतीक' म्हणून गोल करू नका, लेखिकेनं त्या संकेताचं पुढं काही केलंय का ते बघा, केलं असेल तरच ते तुमच्या कामाचं.

पायरी १: पहिलं वाचन पेन्सिल न घेता

सलग वाचा, मध्ये शब्दकोशही उघडू नका. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून, डोळ्यांसमोर राहिलेल्या तीन वस्तू वहीत लिहा. माणसं नकोत, फक्त वस्तू. या तीनपैकी निदान एक तरी कथेच्या गाभ्यातली निघतेच निघते.

पायरी २: वस्तूंची पूर्ण यादी

आता दुसरं वाचन, पेन्सिल हातात. हात लावता येईल, वास येईल, आवाज येईल अशा प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारा. सरावाला 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' घ्या, दोन-तीन पानांची तर कथा आहे. लुईस मॅलर्ड नावाची बाई, तिला हृदयाचा त्रास, रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी येते, बहीण जपून जपून सांगते, ही रडते आणि मग एकटीच वर खोलीत जाते. तिथं काय काय आहे बघा: उघडी खिडकी, तिच्यासमोर ऐसपैस आरामखुर्ची, वसंतातली पालवी फुटलेली झाडं, पावसाचा ओला वास, खाली रस्त्यावर कुणी विक्रेता ओरडतोय, लांबून कुणाचं तरी गाणं, चिमण्या, ढगांतून दिसणारे निळ्या आभाळाचे तुकडे. मग बहीण दाराच्या किल्लीच्या भोकाला तोंड लावून विनवते, दार उघड म्हणून. शेवटी खालचं बाहेरचं दार कुणीतरी किल्लीनं उघडतं आणि आत येतो तो नवराच, हातात प्रवासाची बॅग नि छत्री, अपघाताच्या जवळपासही तो नव्हता. लुईस तिथंच संपते आणि डॉक्टर म्हणतात आनंद झेपला नाही.

गाईडात फक्त खिडकी असते. तुमच्या यादीत आता खिडकी, खोलीचं दार, किल्लीचं भोक, बाहेरचं दार आणि किल्ली एवढं सगळं आहे, आणि बघा की, या सगळ्या आत-बाहेर करायच्या जागा आहेत. मग प्रश्न आपोआप सुचतो: कुठली जागा कोण उघडतं? वरचं दार तिनं मिटलंय, तिला वाटेल तेव्हा उघडणार. पण घराची किल्ली? ती नवऱ्याच्या खिशात. ती एक अख्खा तास स्वतःची होती आणि किल्ली फिरल्याबरोबर तो तास संपला. ही किल्ली हाती लागली की खिडकीबद्दल तुम्ही जे लिहाल त्याला वजन येतं.

पायरी ३: एक वस्तू धरा आणि तिचा माग काढा

इथं वेळ लागतो आणि लागू द्या. यादीतली सगळ्यात जास्त वेळा येणारी वस्तू घ्यायची आणि ती जिथं जिथं येते तिथली ओळ वहीत उतरवायची. वहीत चार रकाने आखा: कुठं येते, कशी दिसते, कुणाचा हात किंवा नजर आहे, आधीपेक्षा काय बदललं. चौथा रकाना रिकामा राहायला लागला तर समजा वस्तू चुकीची धरलीय, दुसरी घ्या.

'द यलो वॉलपेपर' ही या पायरीसाठीच लिहिलीय की काय असं वाटावं इतकी नेमकी कथा आहे. बाळंतपणानंतर मन थकलेली एक बाई, नवरा जॉन स्वतः डॉक्टर, तिला विश्रांतीसाठी भाड्याच्या मोठ्या घरात आणतो. तिला खालची खोली हवी असते, व्हरांड्यात उघडणारी, खिडकीवर गुलाब चढलेले, पण तो वरची देतो. वरच्या खोलीत खिडक्यांना गज, भिंतींत कड्या, पलंग जमिनीला ठोकलेला, आणि भिंतींवर तो पिवळा वॉलपेपर, जागोजागी फाटलेला. तिला वाटतं इथं आधी लहान मुलांची खोली असेल. लिहायला तिला बंदी, म्हणून ती हे सगळं चोरून लिहितेय आणि आपण तेच वाचतोय.

आता वॉलपेपर कसकसा बदलतो ते रकान्यात टाका. आधी तो नुसता कुरूप आहे, रंग किळसवाणा, नक्षीला धड शेंडा नाही बुडखा नाही. मग त्या नक्षीत मोडक्या मानेसारखा आकार आणि उलटे वटारलेले डोळे दिसायला लागतात. मग ठराविक उजेडातच नक्षीच्या मागं आणखी एक नक्षी दिसते, मग तिथं कुणाचीतरी आकृती, मग ती आकृती म्हणजे एक बाई. चांदण्यात वरची नक्षी सरळ गज होऊन जाते आणि आतली बाई ते गज धरून हलवते. दिवसा मात्र ती गप्प असते. पुढं त्या कागदाचा वास घरभर, केसांतसुद्धा. आणि शेवटी कथा सांगणारी बाई स्वतः कागद ओरबाडून काढते, दार लावून किल्ली बाहेर फेकते, जमिनीवर रांगत फिरते, जॉन बघून बेशुद्ध पडतो आणि ती त्याच्यावरून रांगत जाते.

नुसतं 'वॉलपेपर म्हणजे पुरुषप्रधान समाज' असं लिहिलं तर यातलं काहीच येत नाही. वही बघा: आधी ती कागदाला नावं ठेवते, मग वाचते, मग त्यातल्या बाईवर पाळत ठेवते, मग तिला सोडवायला जाते आणि शेवटी तीच ती बाई. प्रत्येक टप्प्यावर कागदाचं आणि तिचं अंतर कमी होतंय, हे अंतर कमी होणं म्हणजेच कथा.

दोन जागा तर मुद्दाम दाखवते. एक, मध्येच ती सांगते की भिंतीला खालच्या बाजूला खोलीभर फिरलेला एक घासल्याचा पट्टा आहे, कुणी केला काय माहीत. पहिल्या वाचनात आपण ते सोडून देतो. शेवटी रांगताना तिचा खांदा त्या पट्ट्यात बरोब्बर बसतो. आता पुन्हा मागं जा आणि विचार करा, तो पट्टा कुणी पाडला असेल? तिनंच की आधीच्या कुणी? कथा उत्तर देत नाही, पण प्रश्नानं अंगावर काटा येतो. दुसरी जागा: ती कागद बदलायला सांगते तेव्हा जॉन म्हणतो, आज कागद, उद्या पलंग बदल म्हणशील, मग खिडक्यांचे गज, मग जिन्याच्या वरचं फाटक. म्हणजे कैदखान्यात काय काय आहे याची यादी नवऱ्यानंच तोंडानं म्हणून दाखवलीय आणि त्याला ते कळतही नाही. लेखिकेची कमाल आहे ही, मला तर संपूर्ण कथेत ही जागा सगळ्यात जास्त आवडते.

पार्श्वभूमी थोडी लागते, ती इथं वापरा. गिलमननं स्वतः १८८७ मध्ये डॉ. वीअर मिचेल यांचा तो पूर्ण विश्रांतीचा उपचार घेतला होता, त्यांचं नाव कथेतही येतं, आणि ही कथा का लिहिली हे तिनं १९१३ मध्ये छापून सांगितलंय. पण चरित्र दोन ओळींपुरतं, उत्तराचं अर्धं पान त्यानं भरू नका.

पायरी ४: हात कुणाचा, आणि हात लावायची मनाई कुणाला

कोल्हापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात शाहू महाराज थांबून चहा घ्यायचे, तो कप कुणाच्या हातचा आणि पितंय कोण यातच सगळा अर्थ होता. कथा वाचताना हाच प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारा.

'द डॉल्स हाउस'मध्ये बर्नेल घरच्या तीन मुलींना एक मोठं बाहुलीघर भेट येतं. शाळेतल्या सगळ्या मुलींना दोन-दोन करून अंगणात बघायला बोलावतात, फक्त लिल आणि एल्सी या केल्वी बहिणींना नाही, कारण त्यांची आई लोकांचे कपडे धुते आणि बाप तुरुंगात असल्याची कुजबुज. लिलचा ड्रेस कशाचा आहे माहितेय? बर्नेलांच्याच जुन्या हिरव्या टेबलक्लॉथचा, आणि बाह्या दुसऱ्या एका घरच्या पडद्यांच्या. म्हणजे या पोरीच्या अंगावर त्यांच्या घरातली वस्तू चालते, पण तिनं त्यांच्या घरातली वस्तू बघायची नाही. सगळे प्रतीक म्हणून बाहुलीघरातल्या दिव्याकडे धावतात, धावा, पण जाता जाता या ड्रेससमोर थांबा.

आणि दिवा. बाहुलीघरातल्या बाहुल्या घराच्या मानानं फारच मोठ्या, ताठ, आपल्या वाटत नाहीत; पण जेवणाच्या टेबलावरचा तो छोटासा दिवा मात्र धाकट्या केझियाला अगदी खरा वाटतो. तो पेटत नाही, पण आत तेलासारखं काहीतरी आहे, हलवलं की हलतं. मोठी बहीण शाळेत गालिचे नि पलंग वर्णन करत बसते, दिव्याकडे कुणाचं लक्ष नाही. केझिया चोरून केल्वी बहिणींना आत घेते, मावशी त्यांना कोंबड्या हुसकाव्यात तशी हुसकावून लावते, आणि लांब गेल्यावर कधी न बोलणारी एल्सी हळूच म्हणते की तिनं दिवा बघितला. मुलींच्या कथांमध्ये असं पुष्कळदा होतं, मोठी माणसं किंमत बघतात आणि पोर एखादी बारकी वस्तू निवडते, तिच्याकडे शब्द नसतात म्हणून ती वस्तूच तिचं म्हणणं होते. सारा ऑर्न ज्युएटच्या 'अ व्हाइट हेरॉन'मधली (१८८६) नऊ वर्षांची सिल्व्हिया पहाटे उंच पाइनवर चढून बगळ्याचं घरटं बघून येते आणि दहा डॉलर देऊ करणाऱ्या शिकाऱ्यापुढं तोंड उघडत नाही, तीही यातलीच.

पायरी ५: 'क्षुल्लक' कशाला म्हटलंय ते शोधा

बायकांच्या कथा वाचताना ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी. कथेतला कुठला माणूस कुठल्या गोष्टीला हसतो, काय उडवून लावतो, तिथं खूण करा.

'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स'मध्ये एका शेतकऱ्याचा झोपेत दोरीनं गळा आवळून खून झालाय, बायको मिनी राइट तुरुंगात. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारी हेल असे तिघं पुरुष पुरावा शोधायला घरात येतात, सोबत मिसेस हेल आणि शेरीफची बायको मिसेस पीटर्स. पुरुष वर झोपायच्या खोलीत, गोठ्यात शोधत फिरतात, बायका स्वयंपाकघरात. थंडीनं बरण्या फुटून फळांचा मुरंबा वाया गेलाय याची मिनीला तुरुंगात काळजी, त्यावर पुरुष हसतात, बायकांना क्षुल्लक गोष्टींची काळजी करायची सवयच असते म्हणतात. आणि सगळा पुरावा त्याच स्वयंपाकघरात आहे: अर्धवट पुसलेलं टेबल, डब्यात अर्धीच ओतलेली साखर, मोडक्या बिजागरीचा पिंजरा, वाकळेचे तुकडे. (गोधडीच ती, पण आपल्याकडं वाकळच म्हणतात, तेच म्हणूया.)

वाकळेचे सगळे तुकडे एकसारखे सुबक शिवलेले आणि एकच तुकडा वेडावाकडा. आमच्या गटात ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई आहेत, त्यांनी इथं वाचन थांबवलं आणि म्हणाल्या, हात एकदम बिघडत नसतो, त्या वेळी त्या घरात काहीतरी झालंय. मग मिसेस हेल तो वाकडा तुकडा उसवून नीट शिवायला घेते ते वाचल्यावर म्हणाल्या, उसवून परत शिवलं तरी सुईची जुनी भोकं कापडावर राहतात हो, ज्याला शिवणातलं कळतं त्याला दिसणारच, पण ते पुरुष कुठं बघणारेत. शिवणातलं कळत असल्यामुळं त्या बाईला पुरावा दिसला, आणि शिवणातलं कळत असल्यामुळंच तिला तो मिटवता आला, ही कथा त्या दोन वाक्यांत आली. म्हणून सांगते, गटात बसाल तेव्हा शिवणाऱ्या, रांधणाऱ्या, बाग करणाऱ्या बायकांना आधी बोलू द्या.

पुढं शिवणाच्या टोपलीत एका सुंदर डबीत रेशमी कापडात गुंडाळलेला कॅनरी पक्षी सापडतो, मान मुरगळलेला. मिनी लग्नाआधी चर्चमध्ये गायची हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. आता गाईड म्हणेल पक्षी म्हणजे मिनी, आणि ते खोटं नाही, पण मान धरा, मान. पक्ष्याची मान मोडली, नवऱ्याचा गळा आवळला. शेवटी वकील थट्टेनं विचारतो की वाकळेला ती टाके घालणार होती की नुसत्या गाठी मारणार होती, आणि मिसेस हेल खिशातल्या डबीवर हात ठेवून सांगते, गाठी. दोरीची गाठ, वाकळेची गाठ, आणि दोन बायकांनी गप्प राहून आपसात मारलेली गाठ. वकिलाला फक्त वाकळ ऐकू येते.

पायरी ६: बदलून बघा

वस्तूच्या जागी दुसरी वस्तू ठेवा आणि कथा मोडते का बघा. मोडली तर ते प्रतीक, नाही मोडली तर नुसती सजावट.

वरच्याच कथेत हे करून बघण्यासारखं आहे, कारण ग्लास्पेलनं स्वतःच तसं केलंय. ती आधी वार्ताहर होती आणि १९०० साली आयोवात जॉन होसॅक नावाच्या शेतकऱ्याच्या खुनाच्या बातम्या तिनं दिल्या होत्या, आरोप बायकोवर होता. त्या खऱ्या खटल्यात हत्यार होतं कुऱ्हाड. तिनं आधी १९१६ मध्ये त्यावर 'ट्रायफल्स' हे नाटक लिहिलं, मग ही कथा, आणि कुऱ्हाडीची दोरी केली. आता कथेत कुऱ्हाड परत ठेवून बघा: पक्ष्याची मान सुटते, गाठ सुटते, शेवटचं वाक्य तर उभंच राहत नाही. (कुऱ्हाड तिनं पूर्ण टाकलेली नाही बरं का, मिसेस पीटर्सच्या लहानपणी एका पोरानं तिच्या डोळ्यांदेखत मांजराचं पिल्लू छोट्या कुऱ्हाडीनं मारलं होतं, त्या आठवणीत ती येते आणि ती आठवणच तिला मिनीच्या बाजूला नेते.) नावाचंही तसंच, त्याचा अर्थ तिच्या बरोबरीच्या लोकांची ज्युरी (खटल्यात निकाल देणारे नागरिक), आणि १९१७ मध्ये आयोवात बायकांना ज्युरीत बसताच येत नव्हतं, ती ज्युरी भरली स्वयंपाकघरात.

याच पायरीत खिडकीचा ठरलेला अर्थही तपासून घ्या. लुईसची खिडकी उघडी आहे आणि सगळं बाहेरचं आत घेते. गिलमनच्या खिडकीला गज आहेत. आणि जेम्स जॉइसच्या 'एव्हलिन'मध्ये (१९१४ च्या 'डब्लिनर्स'मधली) ती पोरगी खिडकीशी बसून पडद्याच्या धुळीचा वास घेत राहते, ब्यूनॉस आयर्सला पळून जायचं ठरलेलं असताना बंदरावरचं लोखंडी कठडं धरून उभी राहते, जात नाही. तीन खिडक्या, तीन अर्थ, तेव्हा यादी पाठ करून काय उपयोग सांगा.

आता आपल्याकडच्या दोन, थोडं निवांत

'स्त्रीर पत्र' हिंदीत 'पत्नी का पत्र' म्हणून मिळते. मृणाल पंधरा वर्षांच्या संसारानंतर जगन्नाथपुरीहून नवऱ्याला पहिलंच पत्र लिहिते आणि सांगते की मी सत्तावीस नंबरच्या माखन बडाल गल्लीतल्या घरात परत येणार नाही. सगळे समुद्राबद्दल लिहितात, समुद्र आहेच. पण तुम्ही झाड शोधा. घराच्या बाहेरच्या बाजूला बाग, दिवाणखाना सजवलेला. आत बायकांच्या बाजूला काही नाही, फक्त भिंतीजवळ गटाराच्या कडेला कसंबसं उगवलेलं एक गाबाचं झाड. त्याला लालभडक पालवी फुटली की मृणालला कळायचं, पृथ्वीवर वसंत आलाय खरा. मग घरात बिंदू येते, जावेची पोरकी बहीण, कुणालाच नको असलेली, आणि मृणालच्या जवळ तिला माया मिळते तेव्हा हीच पालवी परत आठवते. आता रकाना भरा: झाड कुणी लावलं? कुणीच नाही. पाणी कुणी घातलं? कुणीच नाही, गटारावर वाढलं. आणि बिंदूचं? तिचं वेड्याशी लग्न लावून दिलं आणि तिनं कपड्यांना आग लावून घेतली. घराचा नंबर पत्रात का येतो हेही बघा. तिला सोडून यायचंय ते ठिकाण एक पत्ता आहे, आणि समुद्राला नंबर नसतो.

'चौथी का जोडा'त तर शीर्षकातच कपडा आहे, लग्नाच्या चौथ्या दिवसाचा पोशाख. कुब्राची आई कापड बेतण्यात इतकी हुशार की कमी पडणाऱ्या कापडातूनही काहीतरी काढेल, म्हणून मोहल्ल्यातल्या बायका तुकडे घेऊन तिच्याकडे. कुब्राचं लग्न मात्र जमत नाही. नात्यातला राहत पाहुणा म्हणून येतो, त्याच्या खाण्यापिण्यासाठी कुब्राचे होते नव्हते ते दागिने विकले जातात, आणि त्याचं लग्न आधीच दुसरीकडं ठरलेलं असतं. कुब्रा क्षयानं जाते आणि तीच आई, त्याच हातांनी, पांढरं कापड बेतायला बसते, कफनाचं. 'लाल म्हणजे सौभाग्य, पांढरा म्हणजे मरण' हा संकेत झाला, तो सगळ्यांना माहीत आहे. प्रतीक आहे ते बेतणं, कात्री लावण्याआधी घडी घालून मोजून बघणं. आयुष्यभर कमी पडणाऱ्या कापडाचं गणित सोडवणाऱ्या बाईला कापड पुरतं ते शेवटी असं पुरतं.

पायरी ७: लिहायचं कसं

एका परिच्छेदात एकच वस्तू. क्रम असा ठेवा: वस्तू पहिल्यांदा कशी येते, नंतर काय होतं, कुणाच्या हातात आहे, शेवटी कशी दिसते, आणि मग तुमचं म्हणणं. 'प्रतीक आहे' हे शब्द शेवटच्या वाक्यापर्यंत वापरू नका. नमुना देते:

'लुईस खोलीचं दार स्वतः बंद करते आणि उघड्या खिडकीसमोर बसते, त्यामुळे तिच्याजवळ काय येऊ द्यायचं हे त्या तासापुरतं तिच्या हातात आहे. खिडकीतून पालवी, पावसाचा वास आणि लांबचं गाणं आत येतं. बहीण दाराशी येऊन विनवते तेव्हा ती आपणहून दार उघडते. मात्र खाली घराचं दार नवरा ब्रेंटली आपल्या किल्लीनं उघडतो. वरच्या दारावर लुईसची सत्ता होती, घराच्या दारावर नव्हती, आणि खिडकी व किल्ली या दोन प्रतीकांतून कथा हा फरक दाखवते.'

यात एकही ओळ कथेबाहेरची नाही. परीक्षक कुणीही असो, याला मार्क्स द्यावेच लागतात.

एवढं जमलं की मराठीत विभावरी शिरूरकरांचा 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) घ्या; मालतीबाई बेडेकरांनी हे टोपणनाव घेऊन लिहिलं आणि पुस्तक आल्यावर केवढी खळबळ उडाली होती. मग कमल देसाईंची 'हॅट घालणारी बाई', आणि तिच्यासोबत मॅन्सफिल्डची 'द गार्डन पार्टी' ठेवा, तिथंही लॉरा नावाच्या मुलीच्या डोक्यावर आईनं घातलेली हॅट आहे आणि मेलेल्या माणसाच्या घरी तिला त्या हॅटचीच माफी मागावीशी वाटते. दोन्ही हॅटींचे चार-चार रकाने भरा. गटात करत असाल तर एका बैठकीला एकच कथा ठेवा, आधी यादीची वही सगळ्यांनी एकमेकींना दाखवायची आणि जी वस्तू एकीच्याच वहीत आहे तिच्यापासून चर्चा सुरू करायची.